पीच, प्लम, जर्दाळू, चेरी : दोष खुंटाचा की हवामानाचा?

कलमकाडी

आठळीच्या फळझाडांबद्दल बोलणं निघालं की दोन प्रश्न हमखास येतात. "झाड जोमानं वाढलंय पण फुलत नाही, खुंट चुकीचा मिळाला का?" आणि "आमच्या हवेला चालणारी जात लावली, तरी पानं पिवळी पडून झाड खंगतंय, जात बदलू का?" माझ्या मते दोन्ही ठिकाणी संशय भलत्यावर घेतला जातो, म्हणून हा धागा.

कलमी झाड म्हणजे दोन झाडांचा संसार. खाली खुंट, वर जात. हिवाळ्यात किती थंडी मिळाल्यावर जागं व्हायचं हे वरच्या जातीच्या डोळ्यात, म्हणजे फांदीवरच्या कळीत, ठरलेलं असतं. खुंट कितीही नावाजलेला असला तरी ८०० तास थंडी मागणाऱ्या पीचला ३०० तासांवर फुलवू शकत नाही. उलट माती, चुनखडी, साचलेलं पाणी, सूत्रकृमी (मुळांवर जगणारे धाग्यासारखे बारीक किडे) यांच्याशी सामना खुंटाचा. तिथे जात काहीही असो, मुळं टिकली तरच झाड टिकणार.

म्हणून आधी हवामान पाहून जात ठरवावी, मग माती पाहून खुंट, आणि झाडाचा आकार त्यानंतर. रोपांच्या जाहिरातीत मात्र "बुटकं झाड" हे सगळ्यात वर छापलेलं असतं आणि निवड तिथूनच सुरू होते. हे मला खरोखर खटकतं, कारण चुकलेली निवड कळायला तीन-चार वर्षं जातात.

थंडीच्या तासांबद्दल थोडं. जुनी पद्धत सोपी: पारा ७.२ अंशांच्या खाली राहिला तो प्रत्येक तास मोजायचा. 'फ्लोरडाप्रिन्स' पीचला असे सुमारे १५० तास पुरतात, 'सांता रोझा' प्लमला ३००च्या आसपास, तर 'रेडहेवन' पीचला ८००च्या वर लागतात. पण झाड इतकं साधं गणित करत नाही. १९७४ साली आलेल्या युटा पद्धतीत २.५ ते ९.१ अंशांमधल्या तासाला पूर्ण गुण आहे, गोठणबिंदूजवळच्या तासाला शून्य, आणि १६ अंशांच्या वर गेलं की गुण वजा होतात. म्हणजे रात्री छान गारठा आणि दुपारी २० अंश ऊन असेल तर रात्रीची कमाई दुपारी खर्च होते. ज्यांच्याकडे हिवाळा असा आहे त्यांनी नुसते ७.२ खालचे तास मोजून जात निवडू नये.

खुंट आणि हवा यांची गाठ कुठे पडते, ते पुढे चर्चेत येईलच. आपापले अनुभव लिहा.

---

पानगळ

उत्तम विषय. वाचतेय. एक शंका: थंडी कमी पडली हे झाडाकडे बघून ओळखता येतं का, की नोंदीच ठेवाव्या लागतात?

---

कलमकाडी

येतं, पानगळताई. थंडी अपुरी पडलेलं पीच बघितलं की लक्षात राहतं. फांद्यांच्या टोकाला चार पानं फुटलेली आणि मधला हातभर भाग उघडा. फुलोरा एकदम न येता रेंगाळतो. एकाच फांदीवर सुकलेलं फूल, उमललेलं फूल आणि मिटलेली कळी शेजारी शेजारी दिसतात. उघड्या फांद्यांना ऊन लागून सालही भाजते. जर्दाळूचं वेगळं असतं. त्याच्या कळ्या फुगायच्या आधीच तपकिरी पडतात आणि फांदीला हात लागला तरी झडतात.

आधी कळायला हवं असेल तर हिवाळ्याच्या उत्तरार्धात कळ्या असलेल्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या काही काड्या कापा, पाण्याच्या बरणीत उबदार खोलीत ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी बुडखा पुन्हा कापून पाणी बदला. आठ-दहा दिवसांत कळ्या फुगून टोकाला रंग दिसला तर थंडीचा वाटा पूर्ण झालाय. नाहीच हलल्या तर अजून बाकी आहे. काही दिवसांनी पुन्हा नव्या काड्या आणून बघायचं.

---

मृद्गंधा

मातीच्या बाजूनं लिहिते, कारण "पानं पिवळी" हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो.

पिवळेपणा नव्या पानांवर आहे की जुन्या, हे आधी बघा. शेंड्याची कोवळी पानं पिवळट पांढरी आणि त्यातल्या शिरा मात्र हिरव्या, जाळीसारख्या उठून दिसणाऱ्या, असं असेल तर तो लोहाचा केवडा. खालची जुनी पानं सरसकट पिवळी होत असतील तर नत्राकडे बघा, गोष्ट वेगळी आहे.

चुनखडीच्या जमिनीत लोह नसतं असं नाही. भरपूर असतं, पण सामू (पीएच) ८च्या आसपास गेला आणि मातीतल्या पाण्यात बायकार्बोनेट वाढलं की ते विरघळत नाही, मुळाला घेता येत नाही. साध्या पीचच्या कोयीपासून केलेला खुंट इथे लवकर हात टेकतो. 'नेमागार्ड'चंही तसंच. हा खुंट अमेरिकेत १९५९ साली आला तो मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींना दाद देत नाही म्हणून, आणि त्या कामात तो आजही भरवशाचा आहे. पण चुनखडीत त्याच्या मुळांना लोह उचलणं जमत नाही.

यावरचा जुना आणि खात्रीचा उपाय म्हणजे पीच आणि बदामाचा संकर. फ्रान्समध्ये निवडलेला 'जीएफ ६७७' भूमध्य सागराच्या भोवतालच्या देशांत पसरला तो याच गुणावर. बदामाकडून त्याला चुनखडी आणि कोरडेपणा सोसण्याची ताकद मिळाली. पण त्याला ओली जमीन सोसत नाही आणि गाठींच्या सूत्रकृमींना तो बळी पडतो. ती उणीव भरायला स्पेनमध्ये 'गार्फी' बदाम आणि 'नेमारेड' पीच यांचा संकर करून 'गार्नेम' काढला. त्याची पानं लाल असतात, त्यामुळे जोडाच्या, म्हणजे कलम बांधलेल्या जागेच्या, खालून खुंटाची फूट आली तर लांबूनच ओळखू येते. मला हा गुण फार उपयोगाचा वाटतो, नवख्या माणसाची फसगत टळते.

झाडं आधीच लावून झाली असतील तर लोहाची फवारणी तात्पुरती हिरवाई देते. मातीतून द्यायचं असेल तर चिलेटेड (विरघळत्या रूपात धरून ठेवलेल्या) लोहातलं ईडीडीएचए हेच रूप घ्या. साधं फेरस सल्फेट अशा जमिनीत थोड्याच दिवसांत निरुपयोगी होतं.

---

नदीकाठ

मृद्गंधाताई, माहितीपूर्ण प्रतिसाद. माझी अडचण नेमकी उलटी आहे. जमीन भारी, काळी, पाऊस झाला की पाणी धरून ठेवणारी. पीच दोन पावसाळे काढतं आणि तिसऱ्यात उभ्या उभ्या वाळतं. शेजारचा प्लम मात्र त्याच चिखलात मजेत आहे. खत, पाणी, छाटणी सगळं सारखंच आहे. असं का?

---

कलमकाडी

नदीकाठ, याचं कारण मुळातच दडलंय, अगदी शब्दशः.

या कुळातल्या झाडांच्या मुळांत प्रुनासिन नावाचं द्रव्य असतं. माती मोकळी असेल तोवर ते निरुपद्रवी. पाणी साचून मुळांचा प्राणवायू तुटला की पेशी फुटतात, प्रुनासिनचं विघटन होतं आणि त्यातून हायड्रोजन सायनाइड बाहेर पडतं. म्हणजे झाड नुसतं गुदमरत नाही, स्वतःच्याच विषानं मरतं. पीच, जर्दाळू आणि प्लम यांच्या मुळांची या बाबतीतली तुलना १९७१ सालीच प्रसिद्ध झाली आहे. त्यात प्लमची मुळं जास्त तग धरणारी निघाली. तुमच्या शेतात तेच घडतंय. त्यात ओल्या मातीत फायटोप्थोराची बुरशी बुंध्याशी लागते आणि उरलेलं काम ती करते.

प्लमच्या कुळातले 'मायरोबालन' आणि 'मॅरियाना २६२४' हे खुंट भारी, ओल्या जमिनीसाठीच ओळखले जातात. पण पीचचं कलम त्यांच्यावर जमत नाही. पीचसाठी 'सिटेशन' हा पीच-प्लम संकर किंवा इंग्लंडच्या ईस्ट मॉलिंग संशोधन केंद्राचा 'सेंट ज्युलियन ए' हे पर्याय आहेत. 'सिटेशन'बद्दल इशारा: ओल सोसतो, पण पाण्याचा ताण पडला तर झाड ऐन उन्हाळ्यातच वाढ थांबवून सुप्तावस्थेकडे वळतं.

आणि खुंट कोणताही आणलात तरी आधी उंच गादीवाफे करा. पाणी साचू न देणं हे खुंटाच्या निवडीपेक्षा मोठं औषध आहे.

---

अंकुर

कलम जमत नाही म्हणजे नेमकं काय होतं? माझं एक जर्दाळूचं झाड वादळात जोडापाशी मोडलं. दोन्ही बाजू करवतीनं कापल्यासारख्या गुळगुळीत. झाड चांगलं फळावर आलेलं होतं.

---

मृद्गंधा

अंकुर, तुम्ही वर्णन केलंय ते न जमल्याचं अगदी ठळक लक्षण आहे. न जमण्याच्या दोन तऱ्हा असतात. पहिलीत जोडाच्या जागी लाकडाचे धागे एकमेकांत विणलेच जात नाहीत. साल सांधते, अन्नपाणी चालू राहतं, झाड वर्षानुवर्षं हिरवंगार दिसतं आणि एखाद्या वाऱ्यात जोडावरच सुटं होतं. जर्दाळूत हे बऱ्याचदा दिसतं. दुसऱ्या तऱ्हेत जोड मजबूत असतो, पण पानात तयार झालेलं अन्न जोडाच्या खाली उतरत नाही. मुळं उपाशी राहतात, पानं उन्हाळ्यातच पिवळी-तांबडी होऊन गळतात. 'मायरोबालन'वरचं पीच या प्रकारात मोडतं.

यावर मधला तुकडा हा उपाय आहे: खाली एक खुंट, त्यावर दोघांशीही जुळणाऱ्या तिसऱ्या झाडाची वीतभर काडी, त्यावर जात. 'अडारा' नावाचा स्पॅनिश प्लम असा मध्यस्थ म्हणून वापरतात. भारी जमिनीत त्याच्यावर चेरीसुद्धा घेता येते.

---

शिशिर

कलमकाडीदादा, धागा चांगला आहे, पण "जात हवामान सांभाळते, खुंट माती" ही वाटणी मला फार सरळसोट वाटते. खुंटाचा हवामानाशी संबंध आहे आणि तो झाडाच्या जिवावर बेतू शकतो.

अमेरिकेच्या आग्नेय भागातल्या पीचच्या बागांचं उदाहरण घ्या. तिथे कोवळी झाडं वसंताच्या तोंडावर अचानक मरत. हिवाळ्याच्या शेवटी चार दिवस ऊब, मग एकदम कडाका. हवा तीच, जात तीच, पण 'नेमागार्ड'वरची झाडं जास्त मरत आणि 'लॉवेल' या दुसऱ्या पीच खुंटावरची कमी. रेताड जमिनीतली रिंग सूत्रकृमी मुळं खाऊन झाडाला अशक्त करते, मग ते झाड थंडीला आणि सालीवरच्या जिवाणूजन्य कॅन्करला (साल कुजवणाऱ्या रोगाला) बळी पडतं. यासाठीच निवडलेला 'गार्डियन' खुंट १९९३ साली दिला गेला. हा प्रश्न मातीचा म्हणायचा की हवामानाचा?

तसंच अति थंड प्रदेशात 'बेली'सारखे पीचचे खुंट वापरतात, ते मुळं गारठ्यात तग धरतात म्हणून. बर्फाचं पांघरूण नसेल तर थंडी जमिनीत खोल उतरते आणि मुळं फांद्यांपेक्षा कितीतरी कमी थंडीत मरतात. ते काम वरच्या जातीकडून होणार नाही.

---

कलमकाडी

शिशिरदादा, रास्त मुद्दा. ही भर पडायलाच हवी होती. खुंटामुळे झाड शरद ऋतूत किती लवकर वाढ थांबवतं हे बदलतं, आणि जे वेळेवर थांबतं त्याचं लाकूड थंडीला पक्कं होतं. जोमदार खुंटावरचं झाड उशिरापर्यंत वाढत राहिलं तर पहिल्या कडाक्यात कोवळं सापडतं. फुलोराही खुंटामुळे काही दिवस मागेपुढे होतो, आणि दंवाच्या रात्री हे दिवस मोलाचे ठरू शकतात.

तरी मी प्रमाणावर बोट ठेवेन. खुंट फुलोरा दिवसांनी हलवतो, जात आठवड्यांनी. पूर्ण उमललेल्या पीचच्या फुलोऱ्यात उणे २.८ अंशाला साधारण दहातलं एक फूल मरतं आणि उणे ४.४ अंशाला दहातली नऊ. दीड अंशात सगळा हंगाम. कमी थंडीची जात कडक हिवाळ्याच्या भागात लावली तर तिची थंडी हिवाळा अर्धा सरायच्या आतच पुरी होते आणि पहिल्या उबेला ती फुलते. मागे अजून दंवाच्या किती रात्री शिल्लक! तिथे कोणताही खुंट तिला वाचवणार नाही. "कमी थंडीवर फळ देते" हे वाचून थंड भागातली माणसं या जाती हौसेनं नेतात तेव्हा मला मनापासून वाईट वाटतं.

---

पानगळ

शिशिर यांच्या प्रतिसादाला अनुमोदन. आता चेरीबद्दल कोणी लिहील का? बुटक्या खुंटांची फार स्तुती ऐकली आहे.

---

शिशिर

चेरीत खुंटानं जितका फरक पाडलाय तितका बाकीच्या आठळीच्या फळांत क्वचितच. जुने दोन खुंट म्हणजे 'माझार्ड' आणि 'महालेब'. 'माझार्ड'वर झाड प्रचंड होतं आणि फळावर यायला बरीच वर्षं घेतं. 'महालेब' खोल मुळांचा, कोरडी आणि चुनखडीची जमीन आवडणारा, पण मुळाशी पाणी साचलं की संपला. मग जर्मनीतल्या गीसन इथून 'गिझेला' खुंट आले. 'गिझेला ५'वरचं झाड 'माझार्ड'च्या जेमतेम निम्मं होतं आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळ दाखवतं.

स्तुती खरी आहे, पण अर्धीच ऐकू येते. 'गिझेला ५' कसदार जमीन, नियमित पाणी आणि दर वर्षी कडक छाटणी मागतो. हलक्या जमिनीत, तापलेल्या उन्हाळ्यात त्याच्यावरचं झाड फळांनी लगडतं, पानं कमी पडतात, फळ गोटीएवढं राहतं आणि झाड थकतं. अशा ठिकाणी थोडा जोमदार 'गिझेला ६' बरा. थंडी आणि भारी माती दोन्ही असतील तर रशियातल्या क्रिम्स्कचा 'क्रिम्स्क ५' बघावा. मात्र परागकणांतून पसरणाऱ्या काही विषाणूंना तो इतका नाजूक आहे की विषाणूमुक्त कलमकाडी नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नये.

जोड चेरीचा प्रश्नही इथेच घेतो. एका देठावर दोन चिकटलेली फळं दिसली की लोक खुंटाला किंवा परागीभवनाला दोष देतात. कारण असतं मागच्या उन्हाळ्यात. पुढच्या वर्षीच्या कळ्या तेव्हाच घडत असतात, आणि त्या काळात पारा ३०च्या बराच वर राहिला की कळीत एकाऐवजी दोन स्त्रीकेसर तयार होतात. त्या दिवसांत सावलीचं जाळं धरलं तर फरक पडतो.

---

नदीकाठ

झाड बुटकं होतं म्हणजे खुंट नेमकं करतो काय? अन्न कमी देतो?

---

कलमकाडी

पीचमध्ये यावर कॅलिफोर्नियात बारकाईनं काम झालंय आणि उत्तर पाण्याकडे जातं. बुटके करणाऱ्या खुंटांच्या लाकडातल्या जलवाहिन्या अरुंद असतात. भर दुपारी पानांना जितकं पाणी हवं तितकं त्यातून वर चढत नाही, पानांवरचा ताण वाढतो आणि शेंड्याची वाढ तेवढा वेळ मंदावते. रोजचं हे थोडं थोडं साठून झाड लहान राहतं.

इथे हवामान पुन्हा आत येतं. दमट, मध्यम हवेत हा ताण झाडाला सोसतो. कोरड्या, तापलेल्या हवेत तोच ताण दुप्पट भासतो, म्हणून एका ठिकाणी नेटकं वाटणारं बुटकं झाड दुसरीकडे खुरटं दिसतं. उष्ण भागात, हलक्या जमिनीत मी तरी जोमदार खुंट घेऊन उन्हाळी छाटणीनं उंची आवरीन. त्यात मेहनत आहे, पण झाड निरोगी राहतं.

उष्णतेचा आणखी एक परिणाम खुंटाच्या नावावर खपतो. पीचचं फळ किती मोठं होणार हे बरंचसं फुलोऱ्यानंतरच्या पहिल्या ३० दिवसांच्या उबेवर ठरतं. ते दिवस फार गरम गेले तर फळ भराभर पुढे सरकतं, तोडणी लवकर येते आणि फळ लहान राहतं. अशा वर्षी विरळणी (जास्तीची कोवळी फळं काढणं) लवकर आणि सढळ हातानं करावी.

---

अंकुर

थंडी कमी पडते तिथे हायड्रोजन सायनामाइड फवारून कळ्या फोडतात असं ऐकलं. घरच्या चार झाडांना करावं का?

---

मृद्गंधा

नका करू. ते द्रव्य विषारी आहे, त्वचा आणि डोळ्यांना भाजतं, आणि फवारणीच्या आगेमागे मद्य घेतलं तर जिवाला धोका होतो. वेळ जरा चुकली तर कळ्याच जळतात. युरोपीय संघानं त्याला परवानगी दिलेली नाही. ते मोठ्या बागांत, प्रशिक्षित माणसांच्या हाती असायची गोष्ट. चार झाडांसाठी कमी थंडीची जात आणून डोळा भरणं (तिच्या कळीचं कलम करणं) किती सोपं! खुंट चांगला रुजलेला असेल तर तोच ठेवून वर जात बदलता येते.

---

अंकुर

हे डोक्यातच आलं नव्हतं. धन्यवाद ताई. मग माझ्यासाठी सांगा: थंडी ३०० ते ४०० तास, दुपारी ऊन, माती भारी पण उतार आहे. मोडलेल्या जर्दाळूच्या जागी काय लावू?

---

कलमकाडी

दुपारी ऊन असतं म्हणता, तर ३०० धरूनच चाला. 'मॅरियाना २६२४' किंवा 'मायरोबालन'वरचा 'सांता रोझा' प्लम माझी पहिली निवड. तो एकटाही थोडंफार धरतो, पण त्याच वेळी फुलणारा दुसरा जपानी प्लम जवळ असला तर फळ चांगलं येतं. जर्दाळूचा मोह यंदा टाळा. तुमच्यासारख्या चढउताराच्या हिवाळ्यात त्याच्या कळ्या सर्वांत आधी दगा देतात. पीच हवंच असेल तर २५० तासांच्या आतली जात, 'सिटेशन'वर, उताराच्या वरच्या अंगाला. फक्त उन्हाळ्यात पाणी तुटू देऊ नका. चेरी नको.

जुन्या खड्ड्यातच लावू नका, चार पावलं सरकून लावा. जुनी मुळं जमेल तितकी काढून टाका.

---

अंकुर

जोड जमिनीच्या किती वर ठेवू?

---

मृद्गंधा

चांगला वीतभर वर. भारी मातीत झाड बसतं, म्हणून लावताना मुळवा आजूबाजूच्या पातळीपेक्षा थोडा उंचच ठेवा. आच्छादन बुंध्याला टेकू देऊ नका, आणि जोडाच्या खाली फूट दिसली की कोवळी असतानाच हातानं ओढून काढा. कात्रीनं कापली तर तिथूनच पुन्हा चार येतात.